फ्यूज केलेली काच पुन्हा पुन्हा तडकते? भट्टीचा प्रोग्रॅम बदलण्याआधी तडा वाचा

तक्रार बहुतेक वेळा एकाच वळणाची असते. फ्यूज केलेली, म्हणजे काचेचे थर भट्टीत वितळवून एकजीव केलेली, दोन थरांची थाळी भट्टीतून सुखरूप निघते, धुऊन-पुसून फळीवर ठेवली जाते, आणि तीन दिवसांनी, कधी महिन्याने, कुणी हात न लावता ‘टिक्’ असा आवाज होऊन तिचे दोन तुकडे पडतात. पुढच्या खेपेला ॲनीलिंगचा, म्हणजे काच एका तापमानाला थांबवून सावकाश थंड करण्याचा, वेळ दुप्पट केला जातो. तरी तेच. मग चौपट. वीजबिल वाढतं, थाळी तडकायची ती तडकतेच.

याचं कारण असं की फ्यूज केलेल्या काचेला तडा जाण्याची मुख्य कारणं पाच आहेत आणि ॲनीलिंग वाढवणं हा त्यातल्या एकाच कारणावरचा इलाज आहे. काच तापताना घाईने तापली, वरची-खालची काच एकमेकींशी जुळत नव्हती, ॲनीलिंग कमी पडलं, काच शेल्फला (भट्टीतल्या फरशीला) किंवा साच्याला अडकली, किंवा भट्टी लवकर उघडली. प्रत्येक कारणाचा तडा वेगळा दिसतो. म्हणून पहिली गोष्ट, तुटलेले तुकडे टाकू नका.

कड आणि वळण

आधी तुटलेल्या कडेवरून नख फिरवा (बोट नको). कड गुळगुळीत, गोलसर असेल तर काच तापतानाच फुटली. साधारण ५४० अंश सेल्सिअसच्या खाली काच कडक आणि ठिसूळ असते, तडा तिथेच जातो. पुढे भट्टी ८०० च्या वर गेली की त्याच तड्याच्या कडा वितळून गोल होतात, आणि दोन तुकडे एकमेकांपासून जरा सरकलेलेही दिसतात. स्लंपिंगमध्ये, म्हणजे काच मऊ करून साच्याचा आकार देताना, तापमान ६५० च्या आसपासच राहतं, त्यामुळे कड पूर्ण गोल होत नाही. भिंगातून पाहिलं तर तिची धार बोथट होऊन किंचित चमकताना दिसते. कड धारदार असेल तर काच थंड होताना किंवा त्यानंतर फुटली.

आता तड्याची वाट बघा. रंगीत तुकड्याच्या कडेकडेने, त्याला वळसा घालत तडा गेला असेल तर काच जुळत नाही. रंगांची पर्वा न करता सगळ्या थाळीतून नागमोडी गेला असेल आणि शेवटाला आकड्यासारखा वळला असेल तर ॲनीलिंग कमी. बऱ्यापैकी सरळ, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेलेला धारदार तडा म्हणजे थंड होताना बसलेला झटका. एकाच ठिपक्यापासून चांदणीसारख्या बारीक चिरा फुटल्या असतील, किंवा तळाचे खपलीसारखे पापुद्रे निघाले असतील, तर काच तिथे चिकटली होती.

दोन कारणं एकत्र आली की तडाही सरमिसळ दिसतो. तरीही दहा मिनिटांच्या या तपासणीने निम्मी धावपळ वाचते.

न जुळणारी काच: हे कारण कुणाला मान्य करायचं नसतं

कारण त्यात घेतलेली काच वाया जाते. पण उशिरा येणाऱ्या तड्यांत पहिला संशय इथेच घ्यावा.

काच तापली की वाढते, थंड झाली की आकसते. किती, ते विस्तारांकावरून कळतं. बुल्सआय कंपनीची फ्यूजिंगची काच ९० ची, ‘सिस्टीम ९६’ ही ९६ ची, मणी बनवायची इटलीची एफेत्रे १०४ ची, प्रयोगशाळेतली बोरोसिलिकेट ३३ ची. हा आकडा म्हणजे एका अंशामागे लांबीच्या एक कोटी भागांतले किती भाग वाढतात ते.

३०० मिमीची थाळी ५०० अंशांवरून ३० वर येताना ९० च्या हिशेबाने १.२७ मिमी आकसते. तीच ९६ ची असती तर आणखी ०.०८ मिमी जास्त आकसली असती. ०.०८ मिमी म्हणजे वहीच्या पानाची जाडी. पण दोन्ही काचा एकजीव झालेल्या असतात, कुणालाच सरकता येत नाही, त्यामुळे एक कायमची ताणलेली आणि दुसरी कायमची दाबलेली राहते. काच दाब भरपूर सोसते, ताण नाही. ॲनीलिंग चाळीस तास केलं तरी हा ताण जाणार नाही, कारण तो थंड होण्याच्या वेगातून आलेलाच नाही.

मग ती लगेच का फुटत नाही? कडेवर कुठेतरी डोळ्याला न दिसणारा ओरखडा असतो. तिथे ताण असला की हवेतली वाफ चिरेच्या टोकाशी काचेचे बंध हळूहळू तोडत जाते आणि चीर रोज कणाकणाने पुढे सरकते. एका लांबीला पोचली की एकदम धावते. भट्टीतून नीट निघाली म्हणून काच ‘पास’ झाली असं म्हणूनच धरता येत नाही.

एक पोटमुद्दा. विस्तारांक सारखा असला म्हणजे काच जुळलीच, असंही नाही. तो आकडा साधारण २० ते ३०० अंशांपर्यंतच्या वागणुकीवरून काढलेला असतो. खरी भानगड त्याच्या वर, काच मऊची घट्ट होते त्या टप्प्यात होते, आणि तिथे काचेचा चिकटपणाही मोजावा लागतो. बाटलीवर किंवा पिशवीवर नुसतं ‘९०’ लिहिलेलं असणं ही हमी नव्हे. ‘जुळवून तपासलेली’ असा कारखान्याचा शब्द असेल तर तो धरा.

आपल्याकडे गडबड होते ती विशेषतः या चार ठिकाणी:

खिडकीच्या काचेवर, म्हणजे साध्या फ्लोटवर, फ्यूजिंगचे रंगीत तुकडे लावणं. फ्लोटचा विस्तारांक फ्यूजिंगच्या जगात ८२ ते ८५ च्या आसपास धरतात. ९० ची पूडही जाड लावली तर ओढ बसते. फ्लोटवर फ्लोटसाठीचेच रंग वापरा.

दोन दुकानांतून आणलेली प्लेन काच एकावर एक ठेवणं. एकाच शीटमधून दोन्ही थर कापा. काचवाल्याकडचं भंगार घेतलंत तर त्यात टफन्ड, लॅमिनेटेड, रिफ्लेक्टिव्ह सगळं मिसळलेलं असतं.

वेगवेगळ्या बाटल्या एकत्र वितळवणं. हिरवी बाटली हिरवीशी जुळेलच असं नाही. एका वस्तूला एकच बाटली.

फिरोजाबादच्या बांगड्यांचे तुकडे. दिसतात सुंदर, रंग टिकतातही, पण त्या काचेचा विस्तारांक कुणी लिहून देत नाही. प्लेन काचेवर बसवण्याआधी पुढची चाचणी केल्याशिवाय गत्यंतर नाही.

घरच्या घरी ताण बघायची चाचणी

लागणारं सामान: लॅपटॉपची किंवा मॉनिटरची एलसीडी स्क्रीन, आणि पोलराइज्ड गॉगल किंवा कॅमेऱ्याचा पोलराइझिंग फिल्टर. स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा. फिल्टर डोळ्यासमोर धरून फिरवत राहा. एका कोनात स्क्रीन काळी पडेल. आता स्क्रीन आणि फिल्टर यांच्या मध्ये काच धरा. ताण नसेल तर काच काळीच राहते. जिथे ताण आहे तिथे उजेडाची झाक दिसते.

काच हातात फार वेळ धरू नका. बोटांच्या उबेनेसुद्धा तात्पुरता ताण येतो आणि बोटाभोवती उजेड दिसतो. धुतलेली काच पूर्ण खोलीच्या तापमानाला आल्यावरच बघा.

अपारदर्शक काचेतून काही दिसत नाही, म्हणून नवा रंग वापरण्याआधी चाचणीपट्टी करा. तुमची नेहमीची पारदर्शक काच ४ सेंमी रुंद पट्टीत कापा. तिच्यावर २-३ सेंमी अंतर ठेवून प्रत्येक रंगाचा १ सेंमीचा चौकोन ठेवा. एका टोकाला त्याच पारदर्शक काचेचा एक चौकोन ठेवायला विसरू नका, कारण सगळ्या चाचणीचा निकाल त्यावर ठरतो. फुल फ्यूजपर्यंत (थर पूर्ण एकजीव होईपर्यंत) भाजा, नीट ॲनील करा आणि स्क्रीनसमोर धरा.

पारदर्शक चौकोनाभोवतीही उजेड असेल तर ॲनीलिंगच चुकलंय, निकाल बाद. पारदर्शक चौकोन काळा आणि एखाद्या रंगाभोवती कडं दिसतंय, तर तो रंग जुळत नाही. कडं अगदी पुसट असेल तर छोट्या पेंडंटमध्ये तो चालून जातो. थाळीत वापरू नये.

ॲनीलिंग: तापमान कुणाचं, कुणाला लावलं?

जाड काच थंड होताना बाहेरून आधी घट्ट होते, आतली अजून तापलेलीच असते. मग आतली आकसायला लागते तेव्हा बाहेरची सोडत नाही. ॲनीलिंगमध्ये आपण एवढंच करतो: सगळी काच एका तापमानाला आणून थांबवतो, आणि मग आत-बाहेर फरक पडू न देता हळू खाली नेतो. थांबा बरोबर घेऊन पुढचं थंड करणं घाईत केलं तर थांबा फुकट.

बुल्सआयच्या काचेसाठी कंपनीने दिलेले आकडे असे आहेत. सगळ्यांचा थांबा ४८२ अंशांवर.

६ मिमी: १ तास थांबा, ताशी ८३ अंशांनी ४२७ पर्यंत, मग ताशी सुमारे १५० ने ३७१ पर्यंत.
१२ मिमी: २ तास, ताशी ५५, मग ताशी ९९.
१९ मिमी: ३ तास, ताशी २५, मग ताशी ४५.
२५ मिमी: ४ तास, ताशी १५, मग ताशी २७.

बघा, १२ वरून २५ मिमीवर गेलं की जाडी दुप्पट होते, पण वेळ दुपटीने नाही, त्याहून कितीतरी जास्त वाढतो. २५ मिमीच्या पेपरवेटला थाळीचा प्रोग्रॅम लावला तर तो तडकणारच.

३७१ च्या खालीही भट्टी मोकळी सोडायची नसते. ६ मिमीला ताशी ५०० चालतात, म्हणजे भट्टी बंद करून विसरलं तरी हरकत नाही. पण १२ मिमीला मर्यादा ताशी ३३०, १९ ला १५० आणि २५ ला ९० अंश. विटांची भट्टी आपसूकच सावकाश थंड होते. सिरॅमिक फायबरचं अस्तर असलेली छोटी भट्टी झपाट्याने उतरते, तिला खालपर्यंत प्रोग्रॅम देऊनच आणावं लागतं.

हे आकडे समान जाडीच्या, दोन्ही अंगांनी सारख्या थंड होणाऱ्या काचेचे आहेत. टॅक फ्यूजमध्ये, म्हणजे तुकडे नुसते चिकटवून उठाव ठेवलेल्या कामात, सर्वांत जाड जागेची जाडी दुप्पट धरून आकडे लावा. खाली ६ मिमी आणि वर ३ मिमीचे उठाव असतील तर जाडी ९ नव्हे, १८ धरायची. उठावाखालची काच सावलीत असल्यासारखी उशिरा थंड होते. टॅक फ्यूजच्या थाळ्या जास्त तडकतात त्याचं मोठं कारण हेच आहे.

आता फ्लोटवाल्यांसाठी. नेटवरून घेतलेला ४८२ चा प्रोग्रॅम खिडकीच्या काचेला लावू नका. फ्लोट त्याच्या बरीच वर, ५०० च्या पुढेच गोठते. ८२० वरून ४८२ पर्यंत भट्टी धडाधड खाली आली तर तोवर ताण आत पक्का बसलेला असतो, आणि ४८२ ला तासभर थांबून तो सुटत नाही. फ्लोटचा थांबा ५५० च्या आसपास घ्या आणि तिथून ४५० च्या खाली येईपर्यंत हळू उतरवा.

आकडे बरोबर असूनही नागमोडी तडा येतोय? मग कंट्रोलर (भट्टीचा प्रोग्रॅम चालवणारं यंत्र) खरं सांगतोय का ते बघा. थर्मोकपल, म्हणजे भट्टीतला तापमान मोजणारा सेन्सर, हवेचं तापमान वाचतो, काचेचं नाही. त्याचं टोक भिंतीतच लपलेलं नसावं, २-३ सेंमी आत यायला हवं. स्थानिक कारागिराकडून बनवलेल्या भट्टीत एक चूक नेहमी सापडते: के टाइप थर्मोकपलपासून कंट्रोलरपर्यंत साधी तांब्याची वायर ओढलेली असते. तिथे के टाइपचीच केबल लागते, नाहीतर जोड जितका गरम तितकी चूक. भट्टीचं खरं तापमान ताडायची सोपी खूण म्हणजे काचेची कड. बुल्सआयचे ३ मिमीचे दोन थर ८०४ अंशांवर १० मिनिटं ठेवले की कड एकसंध गोल व्हायला हवी. दोन थरांची पायरी दिसत राहिली तर भट्टी दाखवते त्यापेक्षा थंड आहे. मधे आणि चार कोपऱ्यांत असे पाच तुकडे एकदम ठेवले तर भट्टी कुठे गरम, कुठे गार तेही कळतं.

मधेच वीज गेली तर

झाकण उघडून बघायचं नाही, एवढं आधी. पुष्कळ स्वस्त कंट्रोलर वीज आली की पहिल्या पायरीपासून सुरू होतात आणि ॲनीलिंगमधली काच पुन्हा ८०० ला नेतात. कडा पसरतात, साच्यातला वाडगा सपाट होतो. म्हणून वीज येण्याआधी मेन स्विच बंद करा.

वीज आल्यावर आतलं तापमान बघा. ॲनीलिंगच्या थांब्याच्या वर असेल तर सरळ थांब्यापासून पुढचा प्रोग्रॅम लावा. खाली उतरलं असेल तर ताशी १०० ते १५० अंशांनी हळू पुन्हा थांब्यापर्यंत चढवा, थांबा पहिल्यापासून मोजा आणि पुढे नेहमीसारखं उतरवा. यात काचेचं काही बिघडत नाही. ॲनीलिंग कितीही वेळा करता येतं.

चिकटणं आणि अडकणं

किल्न वॉश म्हणजे काच चिकटू नये म्हणून शेल्फला आणि साच्याला लावायची ॲल्युमिना आणि चायना क्ले यांची पूड. एक भाग पूड, पाच भाग पाणी, आकारमानाने. मऊ ब्रशने चार-पाच पातळ हात, प्रत्येक हात आधीच्याला आडवा. फुल फ्यूजच्या एका भाजणीनंतर तो थर बाद. चायना क्ले त्या तापमानाला बदलते आणि दुसऱ्या खेपेला काचेला धरते. खरवडून नवा थर द्या, आणि खरवडताना मास्क घाला. ‘अजून चांगला दिसतोय’ म्हणून तोच थर वापरणं महागात पडतं. स्लंपिंगच्या साच्यावरचा थर मात्र बऱ्याच खेपा टिकतो, कारण तिथे उष्णता कमी असते.

साच्याचं गणित आकसण्याचं आहे. मातीचा साचा काचेपेक्षा कमी आकसतो, स्टेनलेस स्टील काचेच्या जवळजवळ दुपटीने. म्हणून मातीच्या साच्यात काच आत बसवायची, ती आकसून सुटी होते. स्टीलवर काच बाहेरून सोडायची, स्टील आतून आकसून बाजूला होतं. उलटं केलं की पहिल्यात काच साच्याला आवळते, दुसऱ्यात स्टील काचेला चिरडतं. स्टीलचा पेला उपडा ठेवून त्यावर फुलदाणी सोडता येते, मातीच्या कुंडीवर नाही. साच्याच्या तळाची हवा जायची भोकं किल्न वॉशने बुजली नाहीत ना, तेही बघा.

काचेत तांबं घालत असाल तर फॉइल घाला, जाड तार नको. तांबं काचेपेक्षा बरंच जास्त आकसतं. पातळ फॉइल लवते, तार लवत नाही आणि तिच्या टोकापासून चीर निघते.

तापवताना आणि उघडताना

पावसाचा थेंब पडला की ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाची काच टिचायची, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना थर्मल शॉक वेगळा समजवायला नको. भट्टीत तो दोनदा गाठतो.

चढताना: ३ मिमीचे दोन सुटे थर ताशी सुमारे २२० अंशांनी चढवता येतात. तेच एकजीव झाल्यावर दुसऱ्या भाजणीत, म्हणजे स्लंपला, ताशी १५० च्या आसपास ठेवा. आता ती ६ मिमीची एक काच आहे आणि खालून साच्याने ती नुसत्या कडेवर पेलली आहे. कड हीटिंग कॉइलपासून किमान ४-५ सेंमी लांब असू द्या. कडा गोल झालेला, मधोमध गेलेला तडा दिसला की चढण्याचा वेग निम्मा करा, आधी इतर काही बदलू नका.

उतरताना: कंट्रोलर १०० दाखवतो तेव्हा शेल्फ त्याहून गरम असतं. ४० च्या खाली आल्याशिवाय झाकण उचलू नका. फटीतून बघणं, समोर पंखा लावणं, ओल्या फडक्याने पुसणं, सगळ्यांचा परिणाम तोच.

तडकलेली थाळी वाचते का?

नागमोडी तडा असेल आणि काच जुळणारी असल्याची खात्री असेल, तर हो. तुकडे धुऊन, पूर्ण वाळवून, नव्या किल्न वॉशवर घट्ट जुळवा. त्यांच्याभोवती फायबर पेपर (भट्टीची उष्णता सोसणारा कागद) लावलेल्या विटांच्या पट्ट्यांचा बांध घाला, म्हणजे ते फाकणार नाहीत. पुन्हा फुल फ्यूज करा आणि या वेळी ॲनीलिंग एक पायरी जाड काचेचं लावा. सांध्याची पुसट रेघ किंवा बुडबुड्यांची ओळ राहू शकते. पारदर्शक कामात ती दिसते, अपारदर्शक रंगात लपते.

तापताना फुटून कडा गोल झालेले तुकडेही असे जोडता येतात, पण आधी डायमंड सॉ किंवा ग्राइंडरने कडा सरळ कराव्या लागतात.

रंगाच्या कडेने गेलेला तडा असेल तर भट्टी पेटवू नका. पुन्हा जुळेल आणि पुन्हा फुटेल, कदाचित कुणाच्या तरी जेवणाच्या टेबलावर. ती काच फेकून द्या, आणि तिचे तुकडे चांगल्या काचेच्या उरलेल्या तुकड्यांच्या डब्यात मिसळू देऊ नका.